लोखंडी पत्र्यावरची उजवी बाजू

“हिलो मत! अब कोई हिलो मत!” काळ्या कापडाच्या आतून छबी काढणारा मुसासाहेब ओरडला, आणि नेमकी त्याच वेळी माझ्या नाकावर माशी येऊन बसली.

आता माझी अवस्था बघा. मानेला मागून लोखंडी चिमटा लावलेला, का तर डोकं हलू नये. डोक्यावर वडिलांचं पागोटं, ते मला सैल. कमरेला वडिलांची तलवार, ती मला लांब. छाती पुढं काढलेली, श्वास कोंडलेला, डोळे समोरच्या पितळी भोकावर रोखलेले, आणि नाकाच्या शेंड्यावर ही बया फेऱ्या मारतेय. शिंकलो असतो तर खराड्यांच्या घराण्याची अब्रू त्या शिंकेबरोबर उडाली असती. मी शिंकलो नाही. माझ्या उभ्या आयुष्यातली मर्दुमकी म्हणून सांगण्यासारखी तेवढीच.

तेव्हा मला नुकती मिसरूड फुटून जरा भरली होती. आमची कडेगिरीची जहागीर मुलखानं तळहाताएवढी, पण मानपान विचाराल तर मोठमोठ्या संस्थानांनी येऊन शिकावं. सदरेवर सरकारांच्या उजव्या हाताला आम्ही खराडे बसायचो आणि डाव्या हाताला धुमाळ. कारण काय, तर माझ्या आजोबांनी कुठल्याशा लढाईत तेव्हाच्या जखमी सरकारांना पाठीवर घालून आणलं होतं. तेव्हापासून विडा आधी आम्हाला, अत्तर आधी आम्हाला, भालदारानं पुकारायचं नाव आधी आमचं. बाकी आमच्याकडं राहिलं होतं काय म्हणा! हत्ती कधीच गेला होता, त्याचा साखळदंड तेवढा शिल्लक होता. त्याला आम्ही म्हैस बांधायचो.

वडील गेले आणि धुमाळांच्या तुळाजीरावांनी उचल खाल्ली. वयानं माझ्या वडिलांएवढे, मिश्या पांढऱ्या, पण आवाज असा की सदरेवरची कबुतरं उडावीत.

“पाठीवर घालून आणलं ते याच्या आजोबांनी,” ते भर सदरेत म्हणाले. “या पोराला बापाचं पागोटं पेलवत नाही, हा कुणाला पाठीवर घालणार?”

“काका, तुम्ही आधी जखमी तर व्हा, मग बघू,” मी म्हणालो. लोक हसले. मला वाटलं, जिंकली. जीभ आपली तेज आहे या समजुतीनं मी आयुष्यात जेवढं गमावलंय, तेवढं कुणी जुगारात गमावलं नसेल.

रोजच्या या कटकटीला आमचे सरकार विटले. माणूस मोठा शांतताप्रिय. जेवण, झोप आणि नवी वस्तू, एवढ्या तिन्हींत त्यांचा जीव. त्यातच हा मुसासाहेब आला. खरं नाव मुस्यू गारनिये, राहणार फ्रान्स देश. पाँडेचेरीहून गावोगाव छब्या काढत निघालेला. आमच्याकडं कुठल्याही फ्रेंचाला जुन्या काळापासून ‘मुसा’च म्हणत, तेव्हा हाही मुसा झाला. सरकारांनी त्याला ठेवून घेतला आणि हुकूम सोडला, “आमची सगळ्या मानकऱ्यांसह एक छबी काढायची, ती सदरेवर टांगायची. त्या दिवशी जो जिथं बसेल, ती त्याच्या घराण्याची जागा. छबी त्याला साक्ष. पुन्हा तक्रार ऐकायची नाही.”

हे शब्द नीट ध्यानात ठेवा. मी ठेवले नाहीत.

त्या सकाळी आऊसाहेबांनी, म्हणजे माझ्या आईनं, स्वतःच्या हातानं मला सजवलं. वडील गेल्यापासून ती हसलेली मी पाहिली नव्हती. त्यांच्या माघारी तिनं कुंकवाची पेटी, ती झाकणात आरसा असलेली, फडक्यात बांधून माळ्यावर टाकली होती आणि घरातल्या बाकीच्या आरशांकडंही ती पाठ करून बसायची. पण पागोटं बांधताना तिचे हात अगदी सराईत चालत होते. वडिलांचं तिनं जन्मभर बांधलं होतं.

डाव्या भुवईवर मला एक खोक आहे. लहानपणी तट्टावरून पडलो होतो, त्याची. छबीत ती दिसू नये म्हणून मी पागोटं जरा खाली ओढलं. आऊसाहेबांनी ते पुन्हा वर सरकवलं.

“राहू दे की ती. तुझी खूण आहे.”

“चांगलं दिसत नाही.”

“मला दिसतं.” तलवारीचा पट्टा आवळता आवळता ती म्हणाली, “हैबत, तुला एक सांगू? तुझ्या वडिलांना सदरेवर बसलेलं मी एकदाही पाहिलं नाही. आम्हा गोशातल्या बायकांचा चिकाचा पडदा सदरेच्या पार मागं. दिसायची ती गड्यांची डोकी. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय, उजवी बाजू, उजवी बाजू. ती बाजू दिसते कशी, ते काही मला ठाऊक नाही. आता म्हणे छबीत सगळं दिसतं. ती छबी एकदा घरी आण. तेवढं माझ्यासाठी कर.”

तिचे डोळे भरले. मग माझे भरले. मी वडिलांच्या तलवारीवर हात ठेवून म्हणालो, “आऊसाहेब, उजवी बाजू तुम्हाला दाखवली नाही तर नाव लावणार नाही.” असली वाक्यं मला तेव्हा फार सुचायची.

सदरेच्या अंगणात मुसानं आपला बाजार मांडला होता. एक रंगवलेला पडदा, त्यावर झाडं आणि तळं. एक मोठा संगमरवरी खांब. टिचकी मारली तर ठण्ण न वाजता थप् वाजला, कारण तो कागदाच्या लगद्याचा होता. एक मखमली खुर्ची, ती सरकारांसाठी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन साध्या. मुसाची बोली म्हणजे मोडकी हिंदुस्थानी, तीत मधेच नाकातून फ्रेंच. मी आपली सरळ करून सांगतो.

“हा खांब पॅरिसचा,” माझ्या मानेला चिमटा लावता लावता तो म्हणाला. “तिथं माझं छब्यांचं दुकान होतं. खाटीक यायचा, वाणी यायचा. मी त्याला माझा कोट द्यायचो, या खांबाला टेकवून उभा करायचो, हातात जाड पुस्तक. छबीत बघाल तर मोठा उमराव! घरी नेऊन भिंतीला लावायचा, आल्यागेल्याला दाखवायचा.”

“आणि लोकांना खरं वाटायचं?”

“लोकांचं सोडा. त्यालाच खरं वाटायचं.”

मी पोट धरून हसलो. “काय येडी माणसं असतात एकेक देशात!” मी म्हणालो. वडिलांचं पागोटं घालून, वडिलांची तलवार लावून, खराट्याच्या काडीसारखा ताठ बसलेला मी.

येता येता घाटात मुसाची गाडी उलटली होती. काचा फुटल्या, नाहीतर तो काचेवर छबी घेऊन मग कागदावर उतरवायचा. उरले होते ते काळ्या रोगणाचे दोन मोठे लोखंडी पत्रे. “चिंता नको,” तो म्हणाला. “पत्र्यावर छबी थेट उठते. कागद लागतच नाही.” थेट उठते म्हणजे कशी उठते, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही, आणि सांगायचं त्याला सुचलं नाही.

सरकार मधल्या खुर्चीत बसले, उजव्या हातात नंगी तलवार उभी धरून. त्या हाताशी, उजवीकडं, मी. डावीकडं तुळाजीकाका, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. मागं कारभारी अंताजीपंत, डाव्या खांद्यावर उपरणं टाकून. आणि मग ती माशी. पण ती सांगून झाली.

मुसा पत्रा घेऊन आपल्या काळ्या तंबूत शिरला. आतून डोकं उठवणारा कसला तरी वास येत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातातल्या काळ्या पत्र्यावर आम्ही सगळे धुरकट, फिकट, पण जिवंत उमटलो होतो. सरकारांच्या तोंडून “वाहवा!” निघालं, आणि अर्ध्यातच थांबलं.

“आम्ही तलवार डाव्या हातात कशी धरली?”

सगळे पत्र्यावर वाकले. सरकार डावखुरे झाले होते. आमच्या तलवारी उजव्या कमरेला लटकत होत्या. तलवार धरलेल्या त्या डाव्या हाताशी, म्हणजे सरकारांच्या डाव्या बाजूला, पागोटं सांभाळत मी बसलो होतो. आणि उजव्या बाजूला, आपल्या पांढऱ्या मिश्यांसकट, तुळाजीराव धुमाळ!

“साक्ष झाली की हो!” तुळाजीकाका एवढ्या जोरानं हसले की खरंच कबुतरं उडाली. “देवानंच न्याय केला!”

“मुसा!” मी पुढं सरसावलो. “हे काय केलंस?”

“काही नाही केलं. पत्र्यावर असंच येतं. आरशात बघतो तसं. उजवं ते डावं.” त्याला आमचा गोंधळच कळेना. “पॅरिसमध्ये कधी कुणी तक्रार केली नाही. खाटकाला दोन्ही हात सारखेच.”

सगळ्यांत वाईट अवस्था अंताजीपंतांची झाली. पत्र्यावर त्यांचं उपरणं उजव्या खांद्यावर गेलं होतं. “शिव शिव! अपसव्य!” ते स्वतःचा उजवा खांदा झटकायला लागले. “हे श्राद्धाला करतात! माझे वडील अजून हयात आहेत, आत्ताच दूधपोहे खाऊन बसलेत!”

त्या वेळी मी गप्प बसलो असतो तर सगळं तिथंच मिटत होतं. मी खरोखरच उजवीकडं बसलो होतो, सगळ्या सदरेनं पाहिलं होतं, आणि पत्रा उलटा असतो हे मुसानं सर्वांदेखत सांगितलं होतं. पण तुळाजीकाकांच्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. शिवाय डोळ्यांपुढं आऊसाहेब. तिला काय हा पत्रा दाखवू? उजवी बाजू दाखवतो म्हणून शपथ घेतली आणि ही बघा डावी?

“सरकार, ही रद्द करा,” मी म्हणालो. “अजून एक पत्रा आहे. सगळं उलटं करून बसू, म्हणजे छबीत सुलटं येईल.”

सरकारांना युक्ती पटली. स्वतःचं डावखुरेपण त्यांना सोसत नव्हतं. “ठीक. पहिली रद्द. आता जी बैठक होईल ती खरी. शब्द तोच, आधीचा.”

मग जी काही धांदल उडाली! सरकारांनी तलवार डाव्या हातात घेतली. आम्ही आमच्या तलवारी उजव्या कमरेला बांधल्या. अंताजीपंत उपरणं उजव्या खांद्यावर घ्यायला काही केल्या तयार होईनात, शेवटी ते काढूनच ठेवलं आणि उघड्या अंगरख्यानं उभे राहिले. आणि मी तरातरा जाऊन डावीकडच्या खुर्चीत बसलो.

तुळाजीकाका माझ्यासमोर येऊन उभे. “ऊठ. ही माझी जागा.”

“काका, सकाळपासून तुम्हाला उजवी हवी होती ना? घ्या की.”

“मला अक्कल शिकवतोस? छबीत उजवीकडं यायचं तर डावीकडं बसायला पाहिजे, कळतं मला. ऊठ!”

“नाही उठत!”

ज्या डाव्या खुर्चीकडं खराड्यांच्या तीन पिढ्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं, तिचा हात मी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो, आणि धुमाळांच्या तीन पिढ्या जिच्यावर चरफडत बसल्या होत्या, तिच्यासाठी तुळाजीराव माझं मनगट ओढत होते. मुसा काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून आ वासून बघत होता. त्याचा खाटीक बिचारा फार शहाणा वाटला असेल त्याला.

ओढताओढता तुळाजीकाका एकदम थांबले. माझ्याकडं पाहिलं, सरकारांकडं पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि माझं मनगट सोडून दिलं.

“राहू दे. पोर हट्टाला पेटलंय, बसू दे डावीकडं,” ते म्हणाले आणि सरकारांच्या उजव्या हाताला जाऊन ऐसपैस बसले.

मला वाटलं, जिंकली. दुसऱ्यांदा.

“हिलो मत!” आणि माशी परत आली. आम्ही सगळ्यांनी बाजू बदलल्या, तिनं मात्र जागा बदलली नव्हती. तोच नाकाचा शेंडा. या खेपेला ती फिरलीसुद्धा नाही, ठाण मांडून बसली.

पत्रा बाहेर आला. काय सांगू! सरकारांच्या उजव्या हातात तलवार, आणि त्या हाताशी मी. अगदी आरशात दिसतो तसा रुबाबदार. मी पत्रा सगळ्या सदरेला फिरवून दाखवला. सर्वांत शेवटी तुळाजीकाकांच्या नाकासमोर धरला.

“छान आलीय,” काका म्हणाले. मग सरकारांपुढं वाकून मुजरा केला. “सरकार, आपला शब्द एकदा ऐकवावा.”

सरकारांनी मोठा श्वास सोडला. जेवणाची वेळ टळून गेली होती. “हैबतराव, आम्ही काय बोललो होतो?”

“जो जिथं बसेल ती त्याच्या घराण्याची जागा, सरकार. छबी त्याला साक्ष.”

“मग? बसलात कुठं?”

“छबीत तर…”

“छबीत नाही. बसलात कुठं?”

अजून मी त्याच खुर्चीजवळ उभा होतो. सगळी सदर बघत होती. मीच भांडून, मनगट सोलून घेऊन मिळवलेली खुर्ची.

“डावीकडं,” मी म्हणालो.

“झालं तर. आजपासून उजवी बाजू धुमाळांची. आणि हा पत्रा तुम्ही घरी घेऊन जा. सदरेवर खोटा साक्षीदार टांगायचा नाही.”

घरापर्यंतची वाट मी कशी चाललो ते विचारू नका. आजोबांनी सरकारांना पाठीवर घालून आणलं होतं; मी काखेत पत्रा घालून आलो. पण वाटेत मन हळूहळू निर्ढावलं. आऊसाहेबांना काय कळणार आहे? ती गोशातली. सदरेची बातमी पोचेल तेव्हा पोचेल. आज तरी तिला उजवी बाजू बघू दे. पत्र्यावर आहे की ती!

ती दारातच उभी होती.

“ही बघा,” मी पत्रा तिच्या हातात दिला. “हे सरकार. ही त्यांची तलवार, उजव्या हातात. आणि हा उजवीकडं मी.”

तिनं पत्रा उजेडाकडं धरला. कितीतरी वेळ बघत राहिली. मी तिच्या चेहऱ्यावर आनंद शोधत होतो. चेहरा मात्र गोंधळलेला.

“हा कोण?”

“मीच की.”

“नाही,” ती म्हणाली. “तुझ्यासारखा आहे. पण तू नाहीस.” मग तिनं बोट उचलून माझ्या डाव्या भुवईवरच्या खोकेला लावलं. “ही इथं आहे. मी हळद दाबून धरली होती, मला नाही का ठाऊक? याला बघ, पलीकडच्या भुवईवर आहे.”

मी पत्र्याकडं बघतच राहिलो. तलवारी बदलल्या, बाजू बदलल्या, पंतांचं उपरणं काढलं. खोक बदलायची राहिली होती. आणि मला ती खटकलीही नव्हती, कारण मी स्वतःला जन्मभर आरशातच पाहिलेलं. मला समोरून नीट पाहिलेलं माणूस ते एकच.

मग मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. घाट, पत्रा, पहिली छबी, माझी युक्ती, डाव्या खुर्चीसाठी केलेली झोंबाझोंबी, सरकारांचा शब्द. “आऊसाहेब, तीन पिढ्यांची जागा मी घालवली,” म्हणालो, आणि मला रडू फुटलं. तिनं पत्रा खाली ठेवला. उठली आणि आत गेली. मला वाटलं, आता ही माझं तोंड बघणार नाही.

आत माळ्यावर काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात फडक्यात बांधलेली कुंकवाची पेटी होती. तिनं गाठ सोडली. झाकण उघडलं. आतल्या आरशावरची धूळ पदरानं पुसली, तेही स्वतःचं तोंड दिसू नये म्हणून जरा बाजूला वळून. मग पत्रा आरशासमोर धरला आणि आरशात वाकून पाहिलं.

“हां,” ती म्हणाली. “हा माझा हैबत.”

मीही वाकलो. आरशात खोक डाव्या भुवईवर आली होती. आणि मी सरकारांच्या डाव्या हाताला बसलो होतो, जिथं खरोखर बसलो होतो तिथं.

“डावीकडं दिसतोय, आऊसाहेब.”

“दिसेना का! मला काय करायचंय त्यांचं उजवं-डावं? अरे, मला बाजू नव्हती बघायची. सदरेवर बसलेलं माझं माणूस बघायचं होतं. त्यांना बघायचं राहिलं. तुला पाहिलं.” तिनं डोळे पुसले आणि आरशात आणखी खाली वाकली. “तुझ्या नाकावर हे काळं काय आहे?”

“माशी.”

“माशी?”

“दोन्ही वेळा तीच. हलायचं नव्हतं ना.”

ती आधी नुसती बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले, मग पदर तोंडाशी गेला, आणि मग माझी आई खदखदून हसली, वडील गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता मध्येच रडायची आणि पुन्हा नाकाकडं बोट दाखवून हसायची. मीही हसायला लागलो. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता मी तुळाजीकाकांच्या वयाचा झालोय. सदरेवर अजून डावीकडं बसतो. काकांचा नातू उजवीकडं असतो, विडा आधी त्याला. डावीकडं खिडकी आहे, वारा बरा येतो. कुणी पाहुणा घरी आला की मी त्याला पत्रा दाखवतो, आणि तो “वाहवा, सरकारांच्या उजव्या हाताला!” म्हणाला की दोन घटका मान ताठ करून घेतो. मुसाच्या खाटकाला मी उगाच हसलो होतो.

आऊसाहेबांनी मात्र तो पत्रा कधी सरळ पाहिला नाही. असेपर्यंत, दुपारी निजायच्या आधी, ती पेटीचं झाकण उघडून तो आरशात बघायची. पेटी पुन्हा माळ्यावर गेली नाही.